सॅन्टोरिनीच्या टोपल्या: मूळ जुनं, बाग नवी



फोटोत जमिनीवर ठेवलेल्या दिसतात त्या टोपल्या कसल्या, असं पुष्कळांनी विचारलं. त्या टोपल्या नाहीत. द्राक्षाच्या वेली आहेत. जिवंत, घड लागलेल्या. ना मांडव, ना वाय, ना तार, ना अँगल, ना ठिबक. आणि त्यातल्या कित्येक वेलींची मुळं आपल्या पणजोबांच्याही आधीची आहेत.

ही बाग ग्रीस देशातल्या सॅन्टोरिनी बेटावरची. गेल्या ऑगस्टमध्ये, सबकेनची कामं उरकून आणि गोडी छाटणीला अजून वेळ असताना, आम्ही नऊ द्राक्ष बागायतदार अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. तिथं पर्यटकांसाठी अर्ध्या दिवसाची वाइन चाखायची सहल असते. छोटी बस, सोबत माहिती सांगणारी एक स्थानिक पोरगी, तीन वायनरी आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार पेले. बसमध्ये आमच्याशिवाय सगळी जोडपी होती, सूर्यास्ताचे फोटो काढायला आलेली. आमच्यातले अण्णा माळकरी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "मी पेल्याला हात लावणार नाही, पण बाग दाखवणार असतील तर येतो." ते आले ते बरंच झालं, कारण सगळ्यात चांगले प्रश्न त्यांनीच विचारले.

सहलीत चाखायला मिळालं ते मिळालंच, पण मला भिडला तो त्या बागेचा इतिहास. तो आज नीट मांडतो. लांबेल थोडं, पण द्राक्षवाल्यांनी वाचावंच.

माती: आपलीही ज्वालामुखीचीच, पण उलटी

सॅन्टोरिनी म्हणजे एका ज्वालामुखीचा उरलेला काठ. साधारण ३६०० वर्षांपूर्वी इथं मोठा स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथं समुद्र शिरला. आज दिसतो तो चंद्रकोरीसारखा डोंगर आणि मधे खोल पाणी. स्फोटात जी राख आणि हलका सच्छिद्र दगड पडला, त्याचा थर काही ठिकाणी ३० मीटरपेक्षा जास्त जाड आहे. हा दगड म्हणजे टाच घासायला वापरतात आणि पाण्यावर तरंगतो तो, प्युमिस.

या राखेखाली अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव गाडलं गेलं होतं. १९६७ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञानं ते उकरायला सुरुवात केली. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याची गटारं, भिंतींवरची रंगीत चित्रं, धान्याचे आणि तेलाचे मोठाले रांजण निघाले. द्राक्षाच्या बियाही निघाल्या. म्हणजे स्फोटाच्या आधीही इथं द्राक्ष होतं. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत. धोका ओळखून लोक आधीच निघून गेले असावेत. पुढं बराच काळ बेट ओसाड राहिलं आणि मग नव्यानं आलेल्या लोकांनी त्याच राखेत परत वेली लावल्या.

बागेत उतरल्यावर अण्णांनी पहिलं काम काय केलं, तर मूठभर माती उचलून ती मुठीत दाबली. लाडू वळतच नव्हता. बोटांतून सगळी निसटून गेली. या मातीला तिथले लोक 'अस्पा' म्हणतात. त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाही, चिकणमाती नावापुरती आणि पालाशही कमी.

आता गंमत बघा. आपली काळी जमीनसुद्धा ज्वालामुखीचीच लेक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बसाल्ट झाला आणि तो झिजून झिजून आपली काळी कसदार, चिकण जमीन तयार झाली. पाणी धरते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. सॅन्टोरिनीची माती त्या मानानं कालची. झिजायला वेळच मिळालेला नाही. म्हणून 'ज्वालामुखीची जमीन म्हणजे सुपीक' हे सरसकट खरं नाही. दगड कोणता आणि त्याला किती काळ मिळाला, यावर ते आहे.

टोपली कशासाठी

बेटावर पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास.  तोही हिवाळ्यात. उन्हाळ्यात थेंब नाही. त्यावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो. आम्ही उभे होतो तर डोक्यावरच्या टोप्या उडत होत्या आणि बारीक राख तोंडावर टोचत होती. अशा वाऱ्यात मांडवावरचे कोवळे फुटवे मोडून जातील आणि मण्यांवर ओरखडे उठतील.

म्हणून इथल्या शेतकऱ्यानं वेल वर नेलीच नाही. दरवर्षी हिवाळ्यातल्या छाटणीत तो काड्या एकमेकींत गुंफत जातो आणि जमिनीलगत गोल वेटोळं करतो. याला 'कुलूरा' म्हणतात. घड टोपलीच्या आत लागतात, पानं वरून सावली धरतात, वारा अंगावरून निघून जातो. रात्री समुद्रावरून ओलसर हवा येते, ती ओल प्युमिस शोषून घेतो आणि दिवसा हळूहळू सोडतो. ठिबकच्या नळ्या कुठं आहेत, असं मी विचारलं तेव्हा त्या पोरीनं खालचा दगडच उचलून दाखवला.

कष्ट मात्र विचारू नका. छाटणी गुडघ्यावर, तोडणीही गुडघ्यावर. ट्रॅक्टर आत जाऊच शकत नाही. उत्पादन हेक्टरी दोन-तीन टन, म्हणजे एकरी दहा क्विंटलच्या आसपास. अलीकडच्या कोरड्या वर्षांत त्याहूनही बरंच कमी. आमच्यातल्या एकानं लगेच हिशेब केला, "एवढ्यात आपला औषधांचा खर्चसुद्धा निघायचा नाही." पण उन्हाळी पाऊस नाही आणि वारा सतत, म्हणून डाऊनीचा त्रास तिथं फारच कमी. खर्चाचं गणितच वेगळं आहे.

मुख्य गोष्ट पुढं आहे. टोपली दरवर्षी वाढत जाते. साधारण ७५ ते १०० वर्षांनी खोडाची वेटोळी इतकी लांब आणि जुनी होतात की मुळापासून शेंड्यापर्यंत रस नीट पोचत नाही, माल घटतो. मग शेतकरी काय करतो? वेल उपटत नाही. जमिनीलगत टोपली कापून टाकतो. खाली मूळ तसंच राहतं. त्यातून नवा फुटवा येतो आणि त्याची नवी टोपली विणायला सुरुवात होते. असं काही वेलींच्या बाबतीत तीन-चार वेळा झालंय. म्हणून वरची टोपली पन्नास वर्षांची आणि मूळ तीनशे वर्षांचं, असं तिथं ऐकायला मिळतं.

नांग्या भरायचीही जुनी रीत आहे. शेजारच्या वेलीची लांब काडी मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की झालं नवं झाड. नर्सरी नाही, कलम नाही.

जी कीड इथं हरली

कलम नाही, यावर आपले कृषी पदवीधर मित्र थांबतील. बरोबर आहे. युरोपातल्या जवळजवळ सगळ्या बागा आज अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत. कारण फिलोक्सेरा. मुळातला रस शोषणारी ही पिवळसर बारीक कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर युरोपात शिरली. १८६० च्या दशकात फ्रान्समधल्या बागा कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये प्लांशाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या नव्हे तर अजून हिरव्या असलेल्या वेलींची मुळं उकरली, तेव्हा ती सापडली. मेलेली वेल सोडून ती पुढं गेलेली असायची, म्हणून आधी कुणाला दिसली नव्हती. पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बहुतेक बागा बसल्या. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकेच्याच वेलींचा. खाली त्यांचं मूळ, वर आपली जात.

सॅन्टोरिनीत ही कीड टिकली नाही. चिकण जमिनीला भेगा पडतात, त्या भेगांतून ती एका मुळावरून दुसऱ्या मुळावर सरकते. राखेच्या भुसभुशीत मातीला भेगाच पडत नाहीत. ज्या मातीत लाडू वळत नाही म्हणून आपण नाक मुरडलं असतं, तिनंच बाग वाचवली.

आपणही डॉगरिजवर कलम करतो, पण आपलं कारण वेगळं. क्षाराचं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून आपण तो खुंट घेतला. म्हणजे फ्रान्समध्ये खुंट आला तो किडीमुळे, आपल्याकडे आला तो जमीन-पाण्यामुळे, आणि सॅन्टोरिनीत दोन्ही वाचून अडलं नाही.

पेल्यांतला बाजार

आता वाइनकडे येतो. मी चाखणारा माणूस, पिणारा नाही. तरी सांगतो.

पहिला पेला 'असिर्तिको'चा. ही इथली मुख्य पांढरी जात. पहिल्या घोटाला लिंबू चावल्यासारखं होतं आणि मागं किंचित खारट चव राहते. एवढ्या उन्हात पिकूनही आम्लता टिकून. जमिनीत पालाश कमी असला की रसाचा सामू फार वर जात नाही, हे त्यामागचं एक कारण सांगतात. आपण पोटॅश देतो ते गोडी आणि फुगवणीसाठी. त्यांना फुगवण नकोच आहे.

दुसरा 'निक्तेरी'. नावातच रात्र आहे. दिवसाच्या उष्णतेत रस बिघडू नये म्हणून तोडलेली द्राक्षं पूर्वी रात्रभर जागून तुडवत, त्यावरून हे नाव.

तिसरा 'विन्सान्तो'. पिकलेले घड उन्हात जमिनीवर पसरून एक-दोन आठवडे सुकवायचे, उलटपालट करायचे, मग रस काढायचा आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचा. रंग काळ्या चहासारखा, चव बेदाण्याच्या पाकासारखी. आमच्यात तासगावचे एक पाहुणे होते. सुकत टाकलेले घड बघून ते म्हणाले, "हे तर आमचंच शेड, फक्त जाळी नाही, डिपिंग नाही आणि छप्पर नाही."

या तिसऱ्या पेल्यात बेटाचा सगळा इतिहास आहे. १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्यानंतर एजियनमधली बेटं व्हेनिसच्या सरदारांनी वाटून घेतली. सॅन्टोरिनी बारोझी घराण्याकडं आलं. संत इरिनीच्या नावावरून बेटाला सॅन्टोरिनी म्हणू लागले आणि इथल्या गोड वाइनला विन्सान्तो, म्हणजे सॅन्टोरिनीची वाइन. ती गोड वाइन लांबच्या समुद्रप्रवासात नासत नसे, म्हणून व्यापाऱ्यांना आवडली. सोळाव्या शतकात ऑटोमन सत्ता आली. सत्ताधीश मुसलमान, पण वाइनचा धंदा बंद झाला नाही. पुढं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते रशियाचं. तिथल्या चर्चमध्ये प्रसादाला ही गोड वाइन चाले. बेटाची स्वतःची शिडाची जहाजं काळ्या समुद्रातून ओडेसापर्यंत माल नेत.

आणि १९१७ ला रशियात क्रांती झाली. चर्चची गळचेपी झाली. गिऱ्हाईक एका झटक्यात गेलं.

मंडळी, इथं मी पेला खाली ठेवला. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवलं की आपल्या बाजाराचं काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली बाग म्हणजे एकाच अँगलवर उभा असलेला मांडव.

बेटाला दुसरा आधार होता तो राखेचाच. चुन्यात ही राख मिसळली की पाण्याखालीही घट्ट बसते, जशी आपल्याकडं जुन्या वाड्यांना विटांची सुरखी घालत. सुएझ कालवा १८५९ ते १८६९ मध्ये झाला, तेव्हा पोर्ट सईदच्या कामाला इथली राख गेली. शिवाय बिनपाण्याचा छोटा टोमॅटो होता, त्याच्या पेस्टचे कारखाने होते. त्यातला एक आता संग्रहालय झालाय. आणि 'फावा' नावाची पिवळी डाळ. अण्णांनी पेल्यांऐवजी हीच वाटीभर खाल्ली. ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली, फक्त जात वेगळी. "आपलं वरणच हे," असं म्हणून त्यांनी दुसरी वाटी घेतली.

भूकंप आणि त्यानंतरचं पीक

९ जुलै १९५६ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पन्नासच्या वर माणसं गेली, हजारो घरांचं नुकसान झालं. उरलेल्यांपैकी पुष्कळ लोक अथेन्सला निघून गेले. बागा पडीक पडल्या. १९४७ साली स्थापन झालेला शेतकऱ्यांचा सहकारी संघ होता, म्हणून उरलेल्यांचा माल कुणीतरी घेत राहिलं. १९७१ मध्ये 'सॅन्टोरिनी' या नावाला कायद्यानं संरक्षण मिळालं, आपल्या भौगोलिक मानांकनासारखं. १९८० च्या दशकाच्या शेवटी मुख्य भूमीवरच्या मोठ्या वायनरीनं इथं आधुनिक कारखाना टाकला, थंड तापमानात आंबवण आलं आणि गोड वाइनच्या बेटाची कोरडी पांढरी वाइन जगभर गेली.

म्हणजे बघा, वेलीचं झालं तेच बाजाराचं झालं. व्हेनिसची टोपली कापली, रशियाची विणली. रशियाची तुटली, मग कोरड्या वाइनची विणली. दरवेळी मूळ मात्र जमिनीत होतं, म्हणून फुटवा आला.

आता पाळी मुळावर आली आहे. बेट जेमतेम ७५ चौरस किलोमीटरचं, लोकवस्ती पंधरा हजारांच्या आसपास, आणि पर्यटक वर्षाला तीस लाखांच्या घरात. द्राक्षाचा भाव गेल्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढलाय, तरीही बागा कमी होत होत हजार हेक्टरच्या आसपास आल्या आहेत. कारण कितीही भाव मिळाला तरी पोहण्याचा तलाव असलेल्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याशी द्राक्षाचा घड स्पर्धा करू शकत नाही. त्यात लागोपाठ कोरडी वर्षं, आणि गुडघ्यावर बसून टोपली विणणारे हात म्हातारे झालेले.

शेवटच्या वायनरीच्या कट्ट्यावर आमच्या माहिती सांगणाऱ्या पोरीनं खाली बोट दाखवलं. तिच्या आजोबांची बाग होती तिथं. अर्धी अजून आहे. अर्ध्या जागेवर काकांनी पांढऱ्या खोल्या बांधल्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, दहा हजारांवर लोक बेट सोडून गेले. खोल्या रिकाम्या पडल्या. ती म्हणाली, "वडील तेव्हा छाटणी करत होते. वेलीला सुट्टी देता येत नाही." अण्णांनी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला विणता येतं का टोपली?" ती म्हणाली, येते, पण वर्षातले थोडेच दिवस जमतं. उरलेले दिवस तिला आमच्यासारख्यांना फिरवून पोट भरायचं असतं. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या तिघांची पोरं पुण्यात नोकरीला आहेत.

आपण काय घ्यायचं

टोपली घेऊ नका. आपल्या पावसात जमिनीला टेकलेला घड चार दिवस टिकणार नाही. काडी दाबून नांगी भरायची रीतही जशीच्या तशी उचलू नका. आपली बाग कलमाची आहे. वरच्या जातीची काडी दाबली तर नवं झाड स्वतःच्या मुळावर उभं राहील, डॉगरिजवर नाही. खाऱ्या पाण्याच्या जमिनीत ते मागं पडेल.

घ्यायची ती नजर. बाग थकली की आपण सरळ जेसीबी लावतो. पंधरा वर्षांत बाग म्हातारी, असं आपण धरूनच चाललोय. काही बागांत ते खरंही आहे, खोडकिडीनं पोखरलेलं खोड वाचवण्यात अर्थ नसतो. पण जिथं खुंट निरोगी आहे, मुळी पांढरी आहे, तिथं वरचं खोड आणि ओलांडे नव्यानं करून बघता येतील का, हा प्रश्न आपण कितीदा विचारतो? मी यंदाच्या खरड छाटणीला माझ्या चौदा वर्षांच्या प्लॉटमधल्या दोन ओळींवर हे करणार आहे. आधी मुळं उकरून बघणार, मग खुंटाच्या जोडावर खोड राखून कापणार. जोडाच्या खाली कापलं तर डॉगरिजच फुटेल, हे नवीन मुलांनी लक्षात ठेवावं. निकाल चांगला येवो की वाईट, इथं आकड्यांसकट टाकीन.

त्या प्लॉटच्या बांधाला लागून रस्ता रुंद झालाय. दर महिन्याला एखादा माणूस गाडी थांबवून गुंठ्याचा भाव सांगून जातो. गेल्या दोन हंगामांत अवकाळीनं जे केलं, त्यानंतर तो भाव ऐकताना कान बंद ठेवणं सोपं नाही. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, प्रत्येकाची गरज वेगळी. एवढंच सांगतो: पीक बदलता येतं, जात बदलता येते, गिऱ्हाईक बदलता येतं. काँक्रीटखालून फुटवा येत नाही.

तुमच्याकडं पंचवीस वर्षांच्या पुढची चालू बाग कुणाची असेल, किंवा खोड कापून बाग परत उभी केली असेल, तर खुंट कोणता, जमीन कशी आणि पहिल्या दोन वर्षांत माल किती निघाला, ते जरूर लिहा. माझ्या दोन ओळींना त्याचा उपयोग होईल.